चार ओहम

"आजी, तो पुढून बघतात हो," सेल्समन हसत म्हणाला.

"पुढून सगळेच चांगले दिसतात," हॅलोताई म्हणाल्या आणि काउंटरवरचा, स्पीकरांना आवाज पुरवणारा तो काळा चकचकीत रिसीव्हर त्यांनी दोन्ही हातांनी फिरवून त्याची पाठ आपल्याकडे केली. कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. वायरी लावायच्या खाचांच्या वर बारीक अक्षरांत छापलं होतं: सहा ते सोळा ओहम.

"हा नाही चालायचा. आमचे स्पीकर चारचे आहेत."

"चालतो आजी. सगळे चालवतात."

हॅलोताईंनी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही. त्यांनी डोळे किंचित मिटले आणि 'चालतो'मधला 'तो' पुन्हा एकदा मनात ऐकला. जरा लवकर संपला होता. खोटं बोलणारा माणूस शब्द संपवायची घाई करतो, हे त्यांचं जुनं निरीक्षण होतं.

हॅलोताई हे काही त्यांचं नाव नव्हे. त्यांनी आपली उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून काढली होती. कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा फळा आणि हातात वायरी. बाहेरगावचे कॉल जोडून देता देता शहरातले निम्मेअधिक आवाज त्यांना पाठ झाले होते. कोणता व्यापारी बुडीत निघालाय, कुठल्या मुलाचं घरी पटत नाही, हे त्यांना नुसत्या 'हॅलो'वरून कळायचं. घरी आल्यावरही तोंडून आधी 'हॅलो'च निघे, म्हणून शेजाऱ्यांनी हे नाव ठेवलं. एक्स्चेंज बंद झालं, दिव्यांचे फळे भंगारात गेले, पण संशय घ्यायची सवय काही निवृत्त झाली नाही.

"आई, ऐक ना," मुलगा म्हणाला. टीव्ही नवा आणला तेव्हापासून त्याच्या डोक्यात होम थिएटर शिरलं होतं. "इथे एक्स्चेंज ऑफर आहे. ते जुने दोन खोके देऊन टाकायचे, हे रिसीव्हरसकट अख्खा सेट देतात. जुळतं की नाही ही भानगडच नको. सगळं एकाच घरचं."

"खोके?" हॅलोताई म्हणाल्या.

"बरं, स्पीकर."

"तुझ्या वडिलांनी रंधा मारून फळ्या बसवल्यात त्या खोक्यांना. तू तेव्हा रांगत होतास. भुसा खाल्ला होतास मूठभर."

"म्हणूनच मला ते पचत नाहीत," मुलगा म्हणाला. सेल्समन मोठ्याने हसला. गिऱ्हाइकाच्या विनोदाला विक्रेत्याने इतकं हसावं, हेही हॅलोताईंनी मनात नोंदवून ठेवलं.

आणि तेवढ्यात त्यांना दिसलं की सून त्यांच्याजवळ नाही. ती पलीकडच्या काउंटरला टेकून दुसऱ्या सेल्समनशी हळू आवाजात बोलत होती. फोनमधला कसला तरी फोटो त्याला दाखवत होती. लांबूनही हॅलोताईंनी तो ओळखला. त्यांच्याच दिवाणखान्यातल्या डाव्या स्पीकरची पाठ होती ती. सेल्समनने मान डोलावली. सुनेने मागे वळून सासूकडे पाहिलं आणि पटकन फोन पर्समध्ये टाकला.

असं आहे तर, हॅलोताईंना वाटलं. भाव आधीच ठरलाय. मला नुसतं देवदर्शनाला आणल्यासारखं आणलंय.

गेल्या कित्येक दिवसांपासून सून त्या स्पीकरांभोवती घुटमळत होती. एकदा टेप घेऊन त्यांची रुंदी मोजत होती. "काय गं?" विचारलं तर म्हणाली, "काही नाही आई, झाडत होते." टेपने कोण झाडतं?

"मला नाही घ्यायचं काही," त्या म्हणाल्या आणि दुकानाबाहेर येऊन उन्हात उभ्या राहिल्या.

घरी येताना मुलगा म्हणाला, "ठीक आहे. तू म्हणतेस तसं. सेट नको, नुसता तो दुकानातला रिसीव्हर मागवतो; आपल्या स्पीकरांना चालला तर ते राहतील. रविवारी माणूस बसवायला येईल. त्याने 'जुळत नाही' म्हटलं की मात्र तू आडवी यायचं नाहीस. कबूल?"

"कबूल," हॅलोताई म्हणाल्या. बसवणारा माणूस कुणाचा, दुकानाचाच ना? मग तो काय म्हणणार हे त्यांना ठाऊक होतं.

रात्री मोरीत भांडी विसळताना त्यांना यजमानांची आठवण आली. ते बर्फाच्या कारखान्यात वायरमन होते. दिवसभर गार पाण्यात आणि मोटारींच्या घरघरीत काम. संध्याकाळी घरी आले की पाय गरम पाण्यात सोडून बसायचे आणि गाणी ऐकायचे. जुना अ‍ॅम्प्लिफायर त्यांनीच जोडलेला. ते गेल्यावरही तो इमानाने चालला, आणि आता महिन्यापूर्वी फट्कन आवाज करून धूर सोडून मोकळा झाला. ओहम म्हणजे काय, हे त्यांनी हॅलोताईंना याच मोरीत समजावलं होतं.

"नळाला अंगठा लावला की धार अडते ना? तो अंगठा म्हणजे ओहम. आठचा स्पीकर म्हणजे अंगठा घट्ट. आपला चारचा, म्हणजे सैल. धार जोरात जाते. पण मागची टाकी लहान असली, तर काय होईल?"

"रिकामी होईल."

"तापेल आणि बंद पडेल. म्हणून मशीन घेताना मागचा आकडा बघायचा आणि उचलून बघायचं. हलकं लागलं तर परत ठेवायचं."

एवढं सगळं जाणणारा माणूस, पण स्वतःच्या स्पीकरांविषयी मात्र कधी छाती फुगवून बोलला नाही. कारखान्यातले मित्र येत, सोफ्यावर बसून ऐकत आणि म्हणत, "वायरमन, आवाज जरा पोकळ येतो हो. ढोलकी कुठे गेली?" हे नुसते हसायचे. हॅलोताई स्वयंपाकघराच्या दारातल्या आपल्या स्टुलावरून, भाजी निवडता निवडता तिथूनच ठणकावायच्या, "पोकळ? कान तपासून घ्या! माझ्या कानाला विचारा, आवाज कसा भरलाय ते." मित्र जळतात, अशी त्यांची खात्री होती. हे मात्र आपल्या खुर्चीत मागे रेलून बसायचे.

रविवारी रिसीव्हरचं खोकं आलं. मुलाने उचललं आणि "आई गं!" म्हणून परत खाली ठेवलं.

हॅलोताई लगेच पुढे झाल्या. "हा तो नव्हे. दुकानातला हलका होता, मी फिरवला होता ना. बदललाय कुणीतरी."

"आई, चुकून दुसरा आला असेल. फोन लावतो."

"चुकून? चुकून जड वस्तू कुणी देत नाही. आत काय भरलंय ते आधी बघू."

बसवायला आलेला माणूस, डोक्यावर टोपी आणि कमरेला पेचकसांचा पट्टा, दारातच थांबला होता. "उघडू का नको?" त्याने विचारलं.

"उघडा," सून म्हणाली. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली होती. "तो मी बदलून घेतला."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"मागे चार लिहिलेला हवा होता ना आईंना," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "मी मागचा फोटो काढून नेला होता. त्या दुसऱ्या माणसाने सांगितलं, हा चारवर न तापता चालतो. कपाटात स्पीकरांशेजारी हा मावेल का ते बघायला मापं पण घेतली होती मी."

"मला का नाही सांगितलंस?" मुलाने विचारलं.

"तुम्ही दोघं भांडत होतात. मधे कोण पडणार?"

हॅलोताईंनी तिचा आवाज ऐकला. शब्द कुठेही लवकर संपत नव्हता. तरी त्यांनी खोक्यातून निघालेला रिसीव्हर स्वतः फिरवला, चष्मा खाली घेतला आणि पाठ वाचली. चार ते सोळा. मग एक कोपरा हाताने उचलून पाहिला. टाकी मोठी होती.

"बरं," एवढंच त्या म्हणाल्या. पण संशय असा एका माणसावरून उठला की लगेच दुसरीकडे जाऊन बसतो. आता तो टोपीवाल्यावर बसला. त्याने वायरी जोडल्या, लालला लाल, काळ्याला काळी. हॅलोताई स्टूल ओढून त्याच्या शेजारीच बसल्या.

"आजी, मी काही चोरत नाही."

"तुम्ही कशाला चोराल? मी आपली शिकतेय."

त्याने एका छोट्या तीन पायांच्या स्टँडवर माइक लावला. "नेहमी कुठे बसून ऐकता?" मुलाने वडिलांच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. माइक खुर्चीत ठेवला गेला, आणि दोन्ही स्पीकरांतून टुप टुप असे आवाज निघू लागले. रिसीव्हर स्वतःच खोली मोजत होता. थोड्या वेळाने टीव्हीच्या पडद्यावर लाल चौकट आली. डाव्या स्पीकरच्या तारा उलट जोडल्या आहेत, असा तिचा अर्थ टोपीवाल्याने सांगितला.

"मी तर बरोबर जोडल्यात," तो गोंधळून म्हणाला. पुन्हा तपासलं. पुन्हा तीच चौकट. "म्हणजे आतून उलट असणार. घरी केलेला आहे का हा?"

"झालं," मुलगा म्हणाला. "बघ आई. बाबांचा स्पीकरच चुकलेला आहे. म्हणून लोक पोकळ म्हणायचे."

हॅलोताईंची कानशिलं तापली. "त्यांच्याकडून वायर उलटी लागायची नाही. कारखान्याचं अख्खं पॅनेल डोळे मिटून जोडायचे ते. उघडा तो. माझ्यासमोर उघडा."

पाठीचे स्क्रू निघाले. आतून जुन्या लाकडाचा, सरसाचा वास आला. टोपीवाल्याने बॅटरी मारली आणि तारांवरून बोट फिरवलं.

"चूक नाहीये ही," तो शेवटी म्हणाला. "हे बघा. आधी तारा सरळ जोडलेल्या होत्या. मग कापून, उलट करून, परत डाग दिलाय. किती नीट केलंय! वर कापडी टेपसुद्धा गुंडाळलीय. हे कुणीतरी मुद्दाम केलंय."

"मुद्दाम कशाला कुणी आवाज बिघडवेल?" मुलगा म्हणाला.

"बिघडतो तो या खुर्चीत आणि सोफ्यावर. दोन्ही स्पीकर इथे एकमेकांना मारतात, जाड आवाज विरतो. पण खोलीत दुसरीकडे कुठेतरी नेमकं उलटं होत असेल. सरळ तारांनी तिथे पोकळ येत असेल आणि उलट्यांनी भरीव. कुणाच्या तरी जागेसाठी केलं असेल."

हॅलोताई स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होत्या.

त्यांना ती संध्याकाळ आठवली. त्या ड्युटीवरून नुकत्या आलेल्या, गॅसवर दूध. हे मागचे स्क्रू काढून जमिनीवर बसलेले. "जरा दारात उभी राहा. इथून कसं येतं?" "पोकळ येतंय." "आता?" "तसंच." "आता?" दूध उतू गेलं, त्या चिडल्या, "तुमच्या खेळापायी माझं दूध गेलं!" आणि मग एकदम आवाज भरून आला, जणू गाणारी बाई ओट्याशीच येऊन उभी राहिली. "आता बरं आहे," त्या म्हणाल्या होत्या. हे उठले, पाठ बंद केली, आपल्या खुर्चीत जाऊन बसले. कसं झालंय म्हणून त्यांना कुणी विचारलं नाही.

"सरळ करून देतो," टोपीवाला कातर काढत म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

"थांबा," हॅलोताई म्हणाल्या. "आधी आहे तसं लावा एकदा."

गाणं लागलं. सोफ्यावरच्या मुलाने नाक मुरडलं. "ऐक, आहे का काही यात?"

"अहो!" सून स्वयंपाकघरातून म्हणाली. ती गॅस बंद करायला गेली होती आणि दारातच थबकली होती. "इकडे या. इकडे किती छान येतंय!"

मुलगा उठला. दारात बायकोशेजारी जाऊन उभा राहिला. त्याची मान हळूहळू एका बाजूला कलली, अगदी बापासारखी. "अरे," तो पुटपुटला. "ढोलकी इथे आहे होय."

"मग? काय करू?" टोपीवाल्याने विचारलं.

"असू दे असंच," सून म्हणाली. "संध्याकाळी मी इथेच असते." मग तिने घाईने सासूकडे पाहिलं. "म्हणजे, आई म्हणतील तसं."

हॅलोताईंनी मान हलवली. टोपीवाल्याने कातर पट्ट्यात खोचली आणि पाठीचे स्क्रू एकेक करून परत बसवायला घेतले.

हॅलोताई स्टुलावरून उठल्या. खुर्चीतला माइक उचलून त्यांनी टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत त्या यजमानांच्या खुर्चीत कधी बसल्या नव्हत्या. झाडताना सुद्धा तिला बाजूने ढकलत. आवाज खरंच पोकळ होता. पातळ, लांबचा, मधेच विरणारा. पूर्वी फार दूरच्या गावाहून जुळलेला कॉल यायचा तसा, ज्यात बोलणारा ओरडत असतो आणि तरी त्याच्या अर्ध्या शब्दांचीच नुसती धूळ पोचते. असे कॉल त्या श्वास रोखून ऐकायच्या.

त्यांनी हात नकळत उजव्या कानाशी नेला.

"आई, तिथे नीट येत नाहीये ना?" सुनेने दारातून विचारलं. "आवाज वाढवू का?"

"नको," हॅलोताई म्हणाल्या. "येतंय मला ऐकू."