भीमाबाईच्या सात फेऱ्या

प्रबुद्धने खुर्चीची पाठ पुन्हा बुद्धाची तसबीर असलेल्या भिंतीकडे केली. भीमाबाईने ती पुन्हा फिरवली.

"बुद्धाकडं पाठ करून बसवतं का बे पाहुण्याले?"

"आजी, मतलब... हवा इकडं चांगली लागते."

"मे महिन्यात जयपुरात हवा? लू म्हन."

हवा कसली, पोराचं वर्ष त्या खुर्चीवर टांगलेलं होतं. विद्यापीठातलं काम तसं सोपं: घरातल्या वडीलधाऱ्यांची मुलाखत घ्यायची, मातृभाषेत. तो मोबाइल पुढे ठेवून बसलाही होता. पण आजीचं वऱ्हाडी अकोल्याहून सुटलेल्या मालगाडीसारखं धडाडत जायचं, आणि फलाटावर उभ्या नातवाच्या हाती नुसती धूळ. तो सारखा 'मतलब?' विचारू लागला तशी ती खो-खो हसली. त्याने मोबाइल उचलला, खोलीत गेला आणि एआयला विचारलं. ते हसत नाही. गाव, वय आणि भाषा एवढ्या सामानावर त्याने घटकाभरात अख्खी आजी घडवून दिली. वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या घालणारी. प्रबुद्धने ते वाचलंही होतं. पौर्णिमा म्हणजे आपलीच. बुद्धपौर्णिमेची बहीण असेल, म्हणून राहू दिली. ती सावित्रीची, बुद्धाच्या घरात कुणी पाळत नाही, हे काल शोधल्यावर कळलं. काम तपासणाऱ्या गिरिजा मॅडम "आजींना भेटायलाच येते" म्हणाल्या तेव्हा. मॅडम साताऱ्याच्या, तसबीर पाहताच ओळखतील. खोटं निघालं तर कागद विद्यापीठाच्या शिस्त समितीपुढे, आणि वर्ष पाण्यात.

बेल वाजली.

मॅडमनी खुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही. दिवाणावर बसल्या, नेमक्या तसबिरीसमोर. नजर बुद्धावर गेली, तिथे जरा रेंगाळली, मग हातातल्या कागदांवर उतरली. प्रबुद्ध पडद्याची दोरी बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता.

"आजी, तुम्ही वटपौर्णिमेचं सांगितलंय यात," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "वडाला फेऱ्या घालता?"

भीमाबाईने जन्मात वडाला फेरी मारली नव्हती. तिने नातवाकडे पाहिलं. दोरीतलं बोट निळं पडलं होतं.

"घालतो ना! आमच्या गावचा वड केवढा! एका फेरीले सकाळी निघालं का दिवेलागणीले घरी. सात फेऱ्याईले आठवडा लागे. भाकरी बांधून जाओ आम्ही."

"आणि सातही जन्म हाच नवरा मागायचा?"

"मंग? थो एका जन्मात सुधरनारा गडी नव्हता."

मॅडमनी हसू ओठांत दाबलं, पण खांदे हललेच. चहा संपवून त्यांनी कागद टीपॉयवर ठेवले.

"प्रबुद्ध, हे मी अजून वाचलेलं नाही. सोमवारी देशील ते वाचीन."

दार लागलं. जिन्यावरची पावलं विरली तरी तो उंबऱ्याशीच घुटमळत होता.

"आजी, मी ते..."

"बस इथं. काय काय सांगतलं म्या, वाच तं."

तो अडखळत वाचू लागला. पहाटेची ओवी, तुळशीचं पाणी, एकादशीची साबुदाण्याची खिचडी. भीमाबाई हनुवटीला हात लावून ऐकत राहिली, शेजारच्या घरची बातमी ऐकावी तशी. मधे कुठेतरी "अगंबाई" म्हणाली. एकदा डोळे पुसले.

वाचून संपलं.

"कागदातली बाई चांगली हाय थे," ती म्हणाली. "भेटव मले एकदा."