पुढचा नंबर

"प्रार्थनेला वाचायला हिला कधी उभंच केलं नाहीत, टीचर. एवढं एक राहून गेलं बघा," शाळा सोडल्याचा दाखला पिशवीत ठेवता ठेवता मुलीची आई म्हणाली. सूर तक्रारीचा नव्हता. वडिलांच्या बदलीमुळे बिऱ्हाड हलत होतं. निघता निघता माणूस बोलून जातो, तशी ती बोलली.

या कॅथलिक शाळेत टीचर सव्वीस वर्षं मूल्यशिक्षण शिकवत होत्या. 'देवानं सगळ्यांना वेगळं घडवलं, पण कमी-जास्त कुणालाच केलं नाही' हे त्यांचं वाक्य. मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल करायची तर मुली त्याच वाक्यानं सुरुवात करत. रोज सकाळच्या प्रार्थनेत माइकवर बायबलमधला उतारा वाचायचा मान हजेरीच्या नंबराप्रमाणे मिळायचा आणि त्यात टीचरकडे कुणाचा वशिला चालत नसे. फक्त या एका मुलीचा नंबर आला की त्या सरळ पुढचा पुकारत. मुलगी बोलताना अडखळायची. भरल्या सभागृहात पोरीचं हसं व्हायचं, त्यापेक्षा नकोच ते. त्याबदली तिला तक्ते लिहायचं काम दिलं होतं. अक्षर मोत्यासारखं. भिंतीवरचा 'आपण सारे समान' हा तक्ताही तिच्याच हातचा.

"अहो, तिला त्रास नको म्हणून..." टीचर म्हणाल्या.

"ते कळतं हो मला. पण आदल्या नंबरच्या मुलीनं वाचलं, की त्या संध्याकाळी ही आरशासमोर उतारा घोकत बसायची. बूट घासून ठेवायची. सहा वर्षं हेच. मी म्हणायचे, अगं, सांग की टीचरना. तर म्हणायची, बोलावतील त्या, माझा नंबर आहे ना."

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते आपल्यालाच लागू पडेल असं टीचरना कधी वाटलं नव्हतं. पोरीला लाज वाटेल, पोरीला लाज वाटेल म्हणत राहिलो; खरं तर ती अडखळत उभी असतानाची चार मिनिटं आपल्यालाच सोसली नसती. त्यांना फार वाईट वाटलं.

दारापाशी उभ्या असलेल्या मुलीजवळ त्या गेल्या. "चुकलं गं माझं. निदान तुला विचारायला तरी हवं होतं."

मुलीनं मान वर केली. "टीचर, म... म... मी..."

"मी भेटायला येईन, असंच ना? ये हं, केव्हाही ये," टीचर घाईघाईनं म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं.

मुलीनं तोंड मिटलं. वर्गात डोलवायची तशीच मान डोलवली आणि ती आईमागून निघाली.

दोघी जिना उतरून गेल्यावर आपण काय केलं ते टीचरच्या लक्षात आलं. त्या धावत व्हरांड्यात आल्या. हाक मारावीशी वाटली, पण आता मारायची कुठल्या तोंडानं? दोघी फाटकापाशी पोचल्या होत्या. मुलगी आईला काहीतरी सांगू लागली होती. आईनं पिशवी खाली ठेवली आणि शब्द येईपर्यंत ती तिथंच उभी राहिली.