सिनियर अर्बन डिझायनरची बाकं

सहा वर्षांत मला दोन बढत्या मिळाल्या. ज्युनियर अर्बन डिझायनरची मी अर्बन डिझायनर झाले, मग सिनियर अर्बन डिझायनर. कार्डावरचा हुद्दा आधी एका शब्दानं आखूड झाला, मग पुन्हा लांब. पगार छत्तीस हजारांवर येऊन बसला तो उठेचना. निपाणीत आमच्या आप्पांना कुणी विचारलं, "समता काय करती?" की ते सांगायचे, "रस्त्याचं काम करती." विचारणारा मग दयेनं माझ्या हातांकडे बघायचा.

मार्चमध्ये मी बेळगावच्या ऑफिसात परशराम सरांसमोर जाऊन उभी राहिले.

"सर, पन्नास तरी करा. माझ्याबरोबरचे पुण्यात सत्तर घेतात."

"मग पुण्याला जा," असं सर म्हणाले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पुण्यात दोन मुलाखती देऊन मी दोन्ही वेळा परत आले होते, हे त्यांना ठाऊक होतं. ते एवढंच म्हणाले, "तुमच्या कामानं लोकांना काय फरक पडला, ते दाखवा. मग बघू."

दाखवायला माझ्याकडे चिकोडीचा रस्ता होता. दोन वर्षांपूर्वी तिथल्या बाजाराजवळ मी रुंद फूटपाथ आणि ग्रॅनाईटची बारा बाकं आखली होती. परदेशातल्या कुठल्याशा चौकाचा फोटो बघून काढलेली ती बाकं म्हणजे माझा अभिमान. मी बस धरली आणि भर दुपारी तिथं उतरले.

बाकांवर एकही माणूस नव्हता. समोर कडुलिंबाच्या सावलीत, गटाराच्या फरशीवर मात्र सातआठ जण दाटीनं बसलेले. एका बाकावर लाल मिरच्या पसरल्या होत्या. शेजारी पोत्यावर लिंबं मांडून बसलेल्या बाईंना मी नाव विचारलं. मालुबाई.

"मावशी, बाकावर मिरच्या कशाला?"

"मग काय करू? झकास वाळत्यात. माणूस बसतंय व्हय त्यावर? दुपारी तवा हुतोय नुसता."

"बांधणाऱ्यानं काहीतरी विचार केला असेल की."

"कसला इचार! त्येला एक दुपार हितं बशीवला पायजे."

मी हट्टानं शेजारच्या बाकावर बसले. दहा आकडे मोजायच्या आत उठले. मालुबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि पोत्यावर जागा करून दिली. "हितं बस. तू कोण गं?"

"फोटो काढायला आलेय."

चारपर्यंत तिथंच बसले. माणसं येत होती, बाकाला हात लावून बघत होती आणि समोर जाऊन फरशीवर टेकत होती. नकाशावर मी दाखवलेल्या झाडांचे तर खड्डेही बुजले होते. शेवटी मला राहवेना.

"मावशी, ही बाकं मीच आखल्यात."

मालुबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पगार किती हाय?"

"छत्तीस हजार."

"ह्येला?"

त्यांनी पोत्यावरची लिंबं चाळली. मग एक लिंबू माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "असू दे. लहान हाईस अजून." मी तेहतीस वर्षांची आहे, हे सांगायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांपुढे मी मिरच्यांचा फोटो ठेवला आणि घडलं ते सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. पण ते हसले नाहीत, कारण त्या नकाशावर त्यांचीही सही होती. फोटो माझ्याकडे परत सरकवून ते म्हणाले, "मीपण तिथं दुपारी कधी गेलो न्हाय."

त्यानंतर दोन महिने नगरपालिकेला पत्रं लिहून लिहून सहा बाकं समोर सावलीत हलवून घेतली. उरलेल्या सहांपुरता निधी नव्हता. माझा पगार चाळीस झाला. पगारवाढीच्या पत्रात एक अट होती: यापुढे कुठलाही नकाशा काढण्याआधी त्या जागेवर तीन दिवस दुपारी बसायचं. ऑफिसातला ओमकार म्हणाला, "ही पगारवाढ न्हाय, शिक्षा हाय." पन्नास झाले नाहीत याचं मला वाईट वाटलंच, आणि चाळीस तरी कशाबद्दल, हेही मी कुणाला विचारलं नाही.

पुढच्या सोमवारी नव्या नकाशासाठी खानापूरला बसस्टँडसमोर जाऊन बसले. पहिल्या दोन तासांत एवढंच कळलं, की टोपी आणायला हवी होती.