चौदा नंबरचा अर्ज

लहूला खोली मिळाली. पाच नंबरची, पूर्वेला खिडकी असलेली, अंधेरीत आंबोली गावठाणात, पर्पेच्युआबायच्या चाळीत.

हे वाक्य चुकून आधी आलं. नागरिकहो, ते तुम्ही वाचलंच नाही असं समजा. लहूला खोली मिळालेली नाही. साल एकोणीसशे बहात्तर, महिना जानेवारी. लहू, त्याची बायको कमळ आणि चौथीतली मुलगी मंजुळा ही तिघं दत्ताराम नावाच्या चुलत भावाच्या गॅलरीत झोपतात. दत्तारामच्या मुलीचं लग्न ठरलंय, मंडप गॅलरीपासूनच सुरू होणार आहे. शनिवारपर्यंत जागा मिळाली नाही तर कमळ आणि मंजुळा गावी जाणार. गावच्या शाळेत चौथी नाही. म्हणजे मंजुळाची शाळा संपली. एवढीच गोष्ट आहे. बाकी सगळी चाळ समितीची करामत.

पर्पेच्युआबाय पागडी घेत नसे. "पागडी घेतली तर रविवारी फादरला काय सांगू?" असं ती म्हणायची. त्यामुळे खोली रिकामी झाल्याची बातमी पसरताच निम्मी अंधेरी दारात उभी राहिली. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने दोन नंबरच्या हरेश्वर पेडणेकरला हाक मारली.

"हरेश्वर, तू हापिसात कागद बगतोस. तूच बग, कोनाला गरज हाय."

हरेश्वर सरकारी कचेरीत कारकून आणि चाळ समितीचा चिटणीस. "कोणाला गरज आहे" हा प्रश्न त्याला फारच ढोबळ वाटला. त्याने त्या एकाचे एकतीस प्रश्न केले, कचेरीत त्यांच्या सायक्लोस्टाइल प्रती काढून आणल्या आणि एकूण शंभर गुण ठेवले. पास व्हायला पस्तीस.

प्रश्न असे: घरात कोणी खोकतं का? कसला खोकला? मसाला कुठे कुटणार? सुकी मासळी कुठे वाळवणार, आणि का? पाहुणे किती येतात? आल्यावर जातात का? घोरणाऱ्यांची संख्या? आणि सातवा प्रश्न: आडनाव काय? न सांगितल्यास कारण द्या.

गुण नि:पक्षपातीपणे द्यायचे होते. म्हणून खजिनदार श्यामसुंदरने प्रत्येक अर्जावरच्या नावावर आणि लिहिलेल्या आडनावावर कागदाची पट्टी चिकटवली आणि वर नंबर टाकला. नियमच होता की पट्टी चिकटवताना नाव वाचायचं नाही. श्यामसुंदर नियमाला इतका पक्का, की तो डोळे मिटून पट्ट्या चिकटवायचा. दोन पट्ट्या त्याच्या स्वतःच्या लेंग्याला चिकटल्या.

लहूने अर्ज सोमवारी दिला. जागा पुरेना म्हणून मंजुळाच्या वहीची दोन पानं जोडली होती. पाठीमागे तिचं शुद्धलेखन होतं.

"सद्वर्तनाचा दाखला कुठाय?" हरेश्वरने विचारलं.

"साहेब, तो कुठे मिळतो?"

"जिथे राहता तिथल्या घरमालकाकडून."

"आम्ही गॅलरीत राहतो साहेब. मालकाला माहीतच नाही."

"मग रविवारच्या बैठकीत बघू."

"शनिवारी बघता नाही येणार? रविवारी लई उशीर होईल."

"नियम आहे," हरेश्वर म्हणाला. नियम त्याने स्वतःच शुक्रवारी केला होता.

रविवारी सकाळी अंगणात बैठक भरली. पर्पेच्युआबाय खुर्चीत, हरेश्वर टेबलाशी, बायका नळाजवळ. तेवढ्यात लहू आला. एकटाच.

"माझा अर्ज परत द्या," तो म्हणाला. "काल दोघींना एस.टी.त बसवून दिलं. शाळेतून पोरीचा दाखलाही काढला. पाठीमागे तिचं शुद्धलेखन आहे, तेवढं ठेवावं म्हणतो."

"बसा, बसा," हरेश्वर म्हणाला. "निकालाआधी कागद देता येत नाहीत."

आणि निकाल सुरू झाला. पहिला नंबर, शहाण्णव गुण! न खोकणारे, न घोरणारे, पाहुण्यांशी संबंध नसलेले बिऱ्हाड. श्यामसुंदरने पट्टी काढली. नाव निघालं चंद्रप्रकाश, तेलाचे घाऊक व्यापारी. त्यांना खोलीत रिकामे डबे ठेवायचे होते.

"डबे?" पर्पेच्युआबायने विचारलं.

"पण वर्तन उत्तम आहे," हरेश्वर म्हणाला.

"माझा अर्ज वाचा की," लहू म्हणाला. "वाचा सगळ्यांसमोर. निदान कोणीतरी ऐकेल."

हरेश्वरने वाचला. अकरा गुण. पाहुणे किती येतात? 'येत नाहीत. आम्हीच पाहुणे आहोत.' आडनाव? रिकामं. न सांगितल्यास कारण? 'सांगितलं की खोली आधीच भरलेली असते.'

नळावरची बादली भरून वाहू लागली, पण कोणी नळ बंद केला नाही.

"अकरा काही सर्वांत कमी नाहीत!" वातावरण सावरायला हरेश्वर घाईने म्हणाला. "नंबर चौदा पाहा. नऊ गुण! घरातली म्हातारी पहाटे चारला मसाला कुटते. कौलांवर बोंबील. कर्ता पुरुष असा घोरतो, की शेजारचं मूल त्याच तालावर झोपतं. साडूचा पुतण्या दोन दिवसांसाठी आला, त्याला तीन वर्षं झाली. मी शेरा दिलाय: 'असल्या कुटुंबास जागा देणे म्हणजे चाळीचा नाश.'"

खरं सांगायचं तर हा अर्ज तपासताना हरेश्वर क्षणभर थबकला होता. असाच एक पुतण्या आपल्याकडेही आहे, हे त्याला आठवलं होतं. पण आपला पुतण्या चांगला आहे, हेही लगेच आठवलं होतं.

आता त्याची आई, सुंदराबाई, दारातून ओरडली, "अरे झिला, ह्यां आपलांच घर मां!"

श्यामसुंदरने पट्टी काढली. आतलं नाव त्याने तीनदा वाचलं. चौथ्यांदा मोठ्याने वाचलं.

"हरेश्वर गणपत पेडणेकर."

हरेश्वरची बायको मथुरा नळाजवळून पुढे आली. "मी भरलेला तो. नमुना म्हणून. ज्यांना लिहायला जमत नव्हतं त्यांना दाखवायला. खरं खरं लिहिलं, नमुना आहे म्हणून. तो गठ्ठ्यात गेला असेल."

"तुझं अक्षर होतं ते?"

"बारा वर्षांत कधी बघितलंत?"

नागरिकहो, माणसाला जमिनीत शिरावंसं वाटतं म्हणतात. हरेश्वरला तेही जमलं नसतं. अंगणात फरशी होती, आणि ती बसवायचा ठराव त्यानेच मांडला होता.

पर्पेच्युआबाय उठली.

"हरेश्वर, तू आलास तेव्हा तुझा बाप खोकत होता. मी विचारलं काय, कसला खोकला?"

"नाही, बाय."

"काय विचारलं?"

हरेश्वरने टेबलावरचा अर्जांचा गठ्ठा सरळ केला. मग तो हळूच म्हणाला, "पाणी घेतोस काय, म्हणून विचारलंत."

"एकच सवाल! त्यात तू पास झालास. आनि तू मानसाला एकतीस विचारतोस? डबा खोकत नाय, कारन डबा जित्ता नाय. जित्ता मानूस म्हटला की घोरनार, खोकनार, त्याच्याकडे पावना येनार. अरे, भिंत मंग कशाला बांधलीय? आनि ते आडनाव! खोलीत मानूस राहतो की आडनाव?" ती थांबली. मग आवाज उतरला. "चूक माजीपन हाय. किल्ली माजी, आनि नाय म्हनायची शरम तुज्यावर सोपवली."

तिने कनवटीची किल्ली काढून लहूच्या हातात ठेवली.

लहू किल्लीकडे बघत राहिला. "आता एकट्याला काय करायचीय?" त्याने विचारलं. त्याचा आवाज जराही चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं हरेश्वरला आजही वाटतं.

पंधरा दिवसांनी कमळ आणि मंजुळा परत आल्या. हरेश्वर स्वतः मंजुळाला घेऊन शाळेत गेला, मुख्याध्यापकांपुढे हात जोडून उभा राहिला. पण दाखला दिला गेला होता. आता प्रवेश जूनमध्ये, पुन्हा चौथीत. नियम होता. मुख्याध्यापकांनी एक फॉर्म पुढे केला. त्यात रकाना होता: 'शाळा मध्येच का सोडावी लागली?' हरेश्वरने लिहिलं: 'माझ्यामुळे.' जागा भरपूर उरली.

आज पाच नंबरमध्येही पहाटे मसाला कुटतात. चाळीचा नाश झालेला नाही. हरेश्वर आता समितीत फक्त नळाचे वॉशर बदलतो. पण जूनपासून मंजुळा तीच जुनी पुस्तकं घेऊन अंगणातून निघते तेव्हा तो पेपर उचलून तोंडासमोर धरतो. कधीकधी उलटा.

बंधूंनो, भगिनींनो, धडा सोपा आहे. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याने समोरच्याला पारखण्याआधी स्वतःच्या घराचा अर्ज भरून पाहावा, तोही घरात जी खरं लिहील तिच्या हातून. आपण सगळे कोणाच्या तरी दयेने नऊ गुणांवर पास झालेले भाडेकरू आहोत. दार उघडायला उशीर केलेल्या प्रत्येक दिवसाचं भाडं दुसऱ्याच कोणाचं तरी मूल भरत असतं.

हरेश्वरने त्याच जूनमध्ये एक अर्ज रीतसर टाइप करून पाठवला. पोच मिळालेली नाही. त्याची प्रत पुढे देत आहे.

"मा. शिक्षणाधिकारी यांस,

विषय: गेलेले वर्ष परत मिळणेबाबत.

महोदय, सदर अर्जदाराने विनाकारण चौकशी केल्यामुळे कु. मंजुळा लहू हिचे इयत्ता चौथीचे एक वर्ष वाया गेले आहे. तरी सदर वर्ष तिला विनाविलंब परत करण्यात यावे, व त्याच्या भरपाईपोटी अर्जदाराच्या आयुष्यातून तेवढेच वर्ष, शक्यतो चांगल्यापैकी, वजा करून घ्यावे, ही नम्र विनंती. सद्वर्तनाचा दाखला सोबत जोडता आला नाही, क्षमस्व."