केसरची तळटीप

केसरला लशीचा ताप चढला तो नेमका संपादकीय द्यायच्या दिवशी. ताप कसला, कपाळ जरासं कोमट. पण मनालीच्या जिवाला तेवढं पुरे. उठता बसता ती पोरीच्या नाकाखाली बोट धरून बघायची.

तिची सासू, काशी, ओसरीवर सुक्या बोंबलांची मुंडकी मोडत बसली होती. ती म्हणाली, "आगो, श्वास घ्यायला ती काय तुला विचारनार हाय? घेतेय ती तिचा तिचा."

मनाली मुंबईतल्या एका समाजविज्ञान संस्थेत एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिथले विद्यार्थी 'पडताळा' नावाचं नियतकालिक स्वतःच चालवायचे. लेख मागवायचे, तपासायचे, लेखकांशी भांडायचे आणि वर्षातून दोनदा अंक काढायचे. पोटात केसर असतानाच मनाली त्याची संपादक झाली होती. बाळंतपणानंतर ती रेवदंड्याला सासरीच राहिली, नवरा विनेश होडीवर, आणि अंकाचं काम फोनवर. मागच्या बैठकीत सहसंपादक सुजित फार गोड आवाजात म्हणाला होता, "मनाली, तू आता आराम कर ना. तुझं नाव आपण सल्लागारांत टाकू."

सल्लागार! म्हणजे जिवंतपणी फोटोला हार. "संपादकीय मीच लिहिणार," ती तडकली होती, "शुक्रवारच्या बैठकीआधी तुमच्या हातात असेल." नसलं तर ते सुजित लिहिणार होता आणि संपादकाच्या जागी नावही त्याचंच लागणार होतं.

आज शुक्रवार उजाडला आणि केसर काही खांद्यावरून उतरेना. एक हात पोरीच्या पाठीशी, दुसरा तिच्या डोक्याशी, मग लिहायचं कशानं? शेवटी मनालीला युक्ती सुचली. तिनं फोन ओसरीकडच्या खिडकीत उभा केला आणि त्यावरच्या माइकवर बोट टेकवलं. आपण बोलायचं, तो टाइप करणार. येरझारा घालत, पोरीला थोपटत ती बोलत गेली. अंकाचा विषय होता घरातलं बिनपगारी काम, आणि महिनाभर सगळी वाक्यं डोक्यात आंबून तयारच होती. संपलं तेव्हा बैठकीची वेळ होत आली होती. मजकूर संपादक मंडळाच्या ग्रुपवर टाकून ती पोरीचं दुपटं बदलायला धावली.

दुपटं बदललं, पोर जरा डोळे मिटू लागली, आणि मग तिनं पाठवलेलं वाचलं.

'काळजी घेणाऱ्या हातांचे मूल्यमापन अर्थशास्त्राने आजवर आगो बघ ओली झाली ती टाळलेले आहे. घरातील श्रमाला मोबदला नसतो कारण तो श्रम गोदूची कोळंबी ताजी कुठली बर्फाची हाय मेली मानलाच जात नाही. या अंकातील चारही लेख आधी तू दोन घास खाऊन घे मग बोल त्या फोनशी'

मनालीच्या पायाखालची वाळू सरकली. फोननं तिच्याबरोबर ओसरीवरच्या काशीचंही इमानदारीनं लिहून घेतलं होतं. आणि 'पडताळा'चा जुना दंडक असा, की पहिला मसुदा कुणाचाही असो, तो बैठकीत मोठ्यानं वाचायचा. आहे तसा, चुकांसकट. आत्ता या घडीला मुंबईत कँटीनच्या लांब टेबलावर सुजित ते वाचत असणार. बाई आई झाली की तिचं डोकं दुपट्यातच अडकतं, याचा याहून पक्का पुरावा तरी कोणता?

फोन वाजला. पलीकडे अमिषा, अंकाची मांडणी करणारी मैत्रीण, आणि तिच्यामागे हशाचा नुसता गदारोळ.

"सुजितला वाचवेना गं! 'फोनशी' आलं आणि त्यानं डोकं टेबलावर टेकलं!"

"मी लगेच दुरुस्त करून पाठवते," मनाली घाईघाईनं म्हणाली.

"खबरदार हात लावलास तर!" आता सुजित बोलत होता. "अंक कशावर काढतोय आपण? चार लेखांतून जे सांगतोय, ते या पानावर घडतंय. आहे तसं छापू. आणि ते सल्लागाराचं... जाऊ दे, मी मूर्ख होतो. फक्त आपला नियम तुला माहीतच आहे. कुणाचेही शब्द होकाराशिवाय छापायचे नाहीत. सासूबाईंना विचार."

मनालीनं ओसरीवर जाऊन सगळं वाचून दाखवलं. काशीनं बोंबील खाली ठेवला.

"मी बोल्ले तां छापनार? पुस्तकात?"

"हो आई. तुम्ही हो म्हणालात तरच."

"छाप. नाव पुरं टाक माझं. पन ती गोदूची ओळ तेवढी काढ. कोनी तिला वाचून दाखवली तर झिंज्या उपटील माझ्या."

"काय काढते गो माझं?"

अलिबागच्या बाजारात मासळी विकून परतलेली शेजारीण गोदू रिकामी पाटी काखेत मारून कुंपणाशीच उभी होती. आता लपवणार काय? मनालीनं चाचरत तीही ओळ वाचली. काशी एकदम मन लावून बोंबील निवडू लागली.

गोदूनं पाटी खाली आपटली. "बर्फाची? व्हय, बर्फाचीच हाय! हिची काय समुद्रातून चालत येते बाजारात?" ती पायरीवर बसली. "न्हाय काढायची ओळ. ऱ्हाऊ दे. पन माझा जबाबपन छापायचा."

"त्याला आमच्यात प्रतिसाद म्हणतात, गोदूमावशी. वेगळं सदरच आहे."

"मग लाव तो फोन. आनि काशे, तू मधी बोलायचं न्हाय."

"मी कशाला बोलू?" काशी लगेच बोलली.

दोघी हसू लागल्या, त्या हसण्यानं केसर जागी झाली आणि तिनं असा टाहो फोडला की कुंपणावरचा कावळा उडाला. मनालीनं तिला उचललं. कपाळ गार लागलं. तरी तिनं दोनदा हात लावून बघितलं, मग गाल लावून.

"या पोरीचं नाव टाकलंस का?" काशीनं विचारलं. "सगल्यांत जास्त तीच वरडत होती."

खरंच की. सगळ्यांचं लिहून घेणाऱ्या फोनला केसरचं रडणं तेवढं लिहिता आलं नव्हतं. मनालीनं पोरीला कडेवर घेतलं आणि मोकळ्या हाताच्या एका बोटानं, सावकाश, संपादकीयाखाली तळटीप टाइप केली:

'या मजकुरात जिथे जिथे वाक्य तुटले आहे, तिथे केसर विनेश (वय सात महिने) बोलत होती. तिचा होकार गृहीत धरला आहे.'

आणि या वेळी पाठवण्याआधी तिनं ते पुन्हा एकदा वाचलं.