राघोत्तमरावांचा वजनदार शब्द

मी राघोत्तमरावांचा इंग्रजी-मराठी कोश बोलतोय. हळूच बोलतो, कारण राव समोरच बसलेत आणि आज माझा जीव थाऱ्यावर नाही.

छापला गेलो पुण्यात. तिथून तंजावरला रावांच्या वडिलांकडे आलो आणि पुढे एका ट्रंकेतून एग्मोर स्टेशनावर उतरलो. मद्रासला येऊन तीस वर्षं झाली. राव कचेरीत हेडक्लार्क होते; आता, सन अठ्ठावन्नमध्ये, पेन्शनीत आहेत. गल्लीतल्या सगळ्यांचे अर्ज तेच लिहून देतात. मात्र साध्या शब्दानं त्यांचं भागत नाही. दोन दिवसांच्या रजेच्या अर्जासाठीही माझी दहा पानं चाळणार. मला त्याचा अभिमानच वाटे, खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात शाळेच्या समारंभात त्यांची नात महालक्ष्मी एका सिनेमाच्या गाण्यावर नाचली. नाच बसवला होता कनकाबाईंनी, तिच्या तरुण मास्तरीणबाईंनी. रावांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी शाळेच्या मॅनेजरांना निनावी पत्र लिहायला घेतलं. म्हणायचं होतं एवढंच, की शाळेत शिस्त राहिली नाही. पण 'डिसिप्लिन' फारच साधा वाटला. पानं मागे उलटता उलटता बोट थांबलं 'डिप्रॅव्हिटी'वर. राव तो शब्द दोनदा मोठ्यानं म्हणाले, खूश झाले आणि कनकाबाईंच्या नावापुढे लिहून मोकळे झाले. समोरचा मराठी अर्थ वाचलाच नाही. पार वाया गेलेल्या माणसासाठी ठेवलेला शब्द तो! मी पान फडफडवलं असतं, पण वारा नव्हता.

आज सकाळी कनकाबाई स्वतःच आल्या, त्या पत्राची नक्कल घेऊन.

"अण्णा, शनिवारी चौकशी आहे म्हणतात. हा शब्द कसला, पाहून सांगा की. जबाबही तुम्हीच लिहून द्या. तुमच्याएवढें इंग्लिश कोणास येतें?"

रावांनी मला उघडलं. अर्थ त्यांनी आता वाचला.

"तसें कांहीं नाहीं, अम्मा. शिस्त थोडी कमी, इतकेंच."

कनकाबाईंनी मला ओढून घेतलं आणि वाचलं, "नीतिभ्रष्टता. दुराचार."

"अय्यो, अण्णा! नाच शिकवला, इतकेंच की मी केलें. हें नांव लागलें तर मज कोणती शाळा घेईल? घरीं आई माझ्यावरच आहे. कोणी लिहिलें असेल हें?"

राव त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "उद्यां ये. लिहून ठेवतों."

उद्या शुक्रवार. आता दुपार टळत आली. कागदावर फक्त 'सर' लिहिलंय, आणि राव माझी पानं उलटताहेत. 'मिसअंडरस्टँडिंग' पाहून झाला, 'इनॲडव्हर्टन्स', म्हणजे अनवधान, तोही पाहून झाला. मला भीती वाटते ती हीच, की पुन्हा एखादा भारी शब्द सापडेल आणि राव त्याच्याआड लपतील.

राव, 'ते पत्र मी लिहिलं आणि ते खोटं आहे' एवढ्या वाक्याला कोश लागत नाही. तेवढं इंग्रजी तुम्हाला पोरवयापासून येतं. मला मिटा आणि लिहा. आणि या वेळी खाली नाव घाला.