आत्याच्या मापाची गाडी

जमिनीखालचं पाणी शोधायच्या नोकरीत आत्याची हयात गेली, आणि त्यातली बरीचशी एकाच गाडीत. गाडी कसली, धूडच ते. मागे खोदकामाचं यंत्र, पाण्याची टाकी, दगडांची पोती. आणि एवढा भार पेलायला अंगठ्याएवढ्या जाड सळीच्या स्प्रिंगा. निवृत्त होताना आत्याने ती गाडी विकत घेतली. यंत्र उतरलं, टाकी उतरली, तशी गाडी आणखीच वर उठून बसली.

मग आत्याचा खुबा बदलावा लागला. डॉक्टर म्हणाले, चाला, गाडीही चालवा, फक्त पाय फार उंच उचलू नका. गाडीचा पाऊल ठेवायचा पत्रा मात्र तिच्या गुडघ्याच्याही वर होता.

तिच्या धाकट्या भावाने आधी स्टूल आणून पाहिलं. ते डगमगलं. मग त्याने दोन्ही काखांत हात घालून तिला वर चढवलं. आत्या सीटवर बसली खरी, पण गाडी सुरू न करताच म्हणाली, "उतरव मला. मी काय गाठोडं आहे?" त्यानंतर तिने चावी कपाटात ठेवली आणि गाडीचा विषयच बंद केला. भाऊ गिऱ्हाईक शोधायला लागला.

भावाच्या मुलीचं स्वतःचं गॅरेज होतं. चावी कपाटात गेल्याचं कळलं तशी ती आली आणि आत्याला विचारून गाडी घेऊन गेली. आत्या वर चढणार नसेल तर गाडी खाली आणू, एवढा सरळ हिशोब तिने केला. शेजारच्या वेल्डरने सल्ला दिला की स्प्रिंगा गॅसने तापव, आपोआप बसतील. तिने ऐकलं नाही. तापवलेल्या पोलादातला जीव जातो; आज चार बोटं बसलेली स्प्रिंग उद्या आणखी बसते. तिने स्प्रिंगा उतरवल्या, तापू नयेत म्हणून पाणी सोडत सोडत कटरने प्रत्येकीचं एक वेटोळं कापलं आणि पुन्हा चढवल्या.

गाडी खाली आली. आत्या कशीबशी चढली आणि भाचीच्या शेजारी बसली. पण पहिल्याच खड्ड्यात गाडी अशी आदळली की तिने दाताखाली ओठ धरला. वेटोळं कापल्यावर उरलेली स्प्रिंग आणखी ताठ होते, हे भाचीला माहीत होतं. इतकी होईल असं वाटलं नव्हतं. मागे बसलेला भाऊ म्हणाला, आता तरी विका. भाचीने मान खाली घातली.

आत्या मात्र विचारात पडली होती. "मागे यंत्र असायचं तेव्हा हीच गाडी गादीसारखी चालायची," ती म्हणाली.

भाचीने गाडी कडेला घेतली. यंत्र गेलं होतं, पण ते पेलणाऱ्या स्प्रिंगा गाडीखाली तशाच होत्या. म्हणजे आपण चुकीच्या स्प्रिंगा कापत बसलो.

मग ती भंगारवाल्यांच्या मागे लागली. याच बनावटीची, पण नुसती माणसं वाहणारी गाडी तिला हवी होती. ती मिळाली, झुडपांत अर्धी बुडालेली. तिच्या मऊ स्प्रिंगा चढवल्या आणि गाडी हवी त्याच्या निम्मी खाली आली. उरलेल्या उंचीसाठी भाचीने दोन्ही बाजूंना अगदी सारखं, अर्धंच वेटोळं कापलं. कापलेलं टोक खालच्या लोखंडी बशीत नीट बसेपर्यंत स्प्रिंग फिरवून फिरवून पाहिली. चाक लोंबकळलं तर स्प्रिंग निसटू नये म्हणून आखूड शॉक अ‍ॅब्झॉर्बर बसवले. मग एकटीच तो खड्ड्यांचा रस्ता पुन्हा पुन्हा फिरून आली.

रविवारी सकाळी गाडी आत्याच्या दारात उभी राहिली. भाऊ सवयीने हात द्यायला पुढे झाला. आत्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. आधी सीटवर टेकली, मग एक पाय आत, मग दुसरा. झालं. भाची शेजारी बसली, भाऊ मागे. आत्याने आरसा आपल्या उंचीला लावला आणि स्टार्टर मारला.

"ताई, सावकाश," मागून भाऊ म्हणाला.

"पट्टा लाव तू."

डांबरी रस्ता सोडून तिने गाडी खाणीकडच्या दगडी वाटेवर घातली. मोठे धोंडे ती जुन्या सवयीने टाळत होतीच, आता मधलेही टाळत होती. गाडी आता बुटकी झालीय हे तिने बरोबर हेरलं होतं. गाडी डुलत होती, आदळत नव्हती. भाची कान लावून खालचा आवाज ऐकत होती. काही ऐकू येईना, तशी ती सैल होऊन मागे टेकली.

चढ संपला तिथे आत्याने गाडी थांबवली. आपली आपण उतरली, गाडीला एक चक्कर मारली आणि पुन्हा चढून बसली. उतरायचं तसं काही कारण नव्हतं.

"पोरी," ती भाचीला म्हणाली, "इतकी वर्षं मी हिच्या मापाने चढले. आता ही माझ्या मापाची झाली."

 भाचीने आत्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

परतताना घराचा फाटा आला तरी आत्याने गाडी वळवली नाही. भावाने दोनदा सांगून पाहिलं, मग खिशातून फोन काढला आणि घरी कळवलं की जेवायला आमची वाट पाहू नका. ताई गाडी चालवतेय.